परळच्या सहा खोल्या

१९०५च्या सुमारास मुंबईत परळला, जुन्या गव्हर्नमेंट हाउसच्या आवारात, सहा छोट्या खोल्या बांधण्यात आल्या. आकार एकच, भिंती एकसारख्या. फरक होता तो फक्त छपरांत. पहिल्या दोन खोल्यांवर गावठी कौले होती. मुंबईतल्या जुन्या घरांवर असत तशी, एकमेकांवर रचलेली, उंदरांना निर्धास्त घरटी करता येतील अशी. पुढच्या दोन खोल्यांवर सपाट बसणारी मंगलोरी कौले. तिथे उंदीर राहू शकतो, पण ऐसपैस नाही. शेवटच्या दोन खोल्यांवर पन्हळी पत्रे, म्हणजे उंदराला थाराच नाही. प्रत्येक छपराखाली तारेची जाळी ताणलेली होती. वरचा उंदीर खाली उतरू नये, पण त्याच्या अंगावरून निसटलेली पिसू मात्र सहज खाली पडावी, अशा बेताची.

या खोल्या गिनीपिगांसाठी होत्या. प्लेग एका जिवाकडून दुसऱ्याकडे नेमका कोणत्या वाटेने जातो, हे त्यांच्यावरून ठरवायचे होते.

प्रश्न तोवर नऊ वर्षांचा झाला होता. १९०४ या एका वर्षात हिंदुस्थानात प्लेगने दहा लाखांहून अधिक माणसे नेली होती. उत्तरांची वाण नव्हती. डॉक्टरांकडे होती, अधिकाऱ्यांकडे होती, वर्तमानपत्रांकडे होती. त्यांतल्या काही उत्तरांच्या भरवशावर सरकारने घरे खणून काढली होती, माणसे घराबाहेर ओढली होती आणि हजारो भिंतींना चुना फासला होता. ती उत्तरे तपासून मात्र कोणी पाहिली नव्हती.

साथीची सुरुवात मांडवीतली. बंदराला लागून असलेली ही धान्याच्या गोदामांची दाट वस्ती. सप्टेंबर १८९६मध्ये इथल्या रोग्यांना चढणारा ताप आणि जांघेत, काखेत उठणाऱ्या गाठी पाहून डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी हा प्लेग असल्याचे जाहीर केले. व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे, मुंबई महापालिकेचे सदस्य. रोगाचा जंतू तेव्हा अनोळखी नव्हता. दोनच वर्षांपूर्वी, १८९४मध्ये, अलेक्झांडर येर्सां यांनी हाँगकाँगमध्ये तो रोग्यांच्या गाठींत शोधला होता आणि मेलेल्या उंदरांतही तोच दाखवला होता. म्हणजे गुन्हेगार ठाऊक होता. तो घरात शिरतो कुठून, हे ठाऊक नव्हते.

त्यामुळे सगळ्याच वाटांवर संशय होता. कोणी म्हणे कुजकी हवा, कोणी म्हणे गटारे. कोणाचा रोख धान्यावर आणि कपड्यांवर होता. जंतू जमिनीत मुरतात आणि अनवाणी पायांच्या भेगांतून अंगात शिरतात, हे मत डॉक्टरांमध्ये बरेच वजनदार होते. महापालिकेने गटारांतून समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक ऍसिड यांचे लोंढे सोडले. गटारांतल्या उंदरांनी त्यामुळे घरांचा आसरा घेतला असणार, ही शंका पुढे अनेकांनी बोलून दाखवली.

फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोगांचा कायदा आला. पुण्यात प्लेग अधिकारी वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हाताखाली गोरे सोजीर घरांत शिरू लागले. देवघरापर्यंत झडत्या झाल्या, सामान जाळले गेले, रोग्यांच्या घरच्यांना छावण्यांत नेऊन ठेवले गेले. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. हा इतिहास मराठी माणसाला पाठ आहे. त्यातली एक बाजू मात्र सहसा सांगितली जात नाही. या जुलमाच्या मुळाशी एक न तपासलेले गृहीत होते. रोग माणसाकडून माणसाकडे जातो आणि घाणेरड्या घरात मुरून राहतो, हे धरून चालल्याशिवाय त्या छावण्यांना आणि त्या चुन्याला अर्थच नव्हता.

तपासून पाहण्याची सवय असलेला एक माणूस मुंबईत होता. ओडेसात जन्मलेले, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले वाल्देमार हाफकिन ऑक्टोबर १८९६मध्ये मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळाली एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. मांसाच्या रश्श्यावर तुपाचे थेंब सोडून त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले. तरंगणाऱ्या तुपाला धरून जंतूंच्या लडी खाली लोंबू लागत. मग ते उष्णतेने मारून लस तयार होई. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिननी ती आधी स्वतःला टोचून घेतली.

लस टोचल्यावर माणूस जिवंत राहतो, एवढेच त्यातून कळले. लस रोग अडवते का, हे कळण्यासाठी तुलना हवी होती. ती संधी महिनाअखेर आली. भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि ३० जानेवारीला हाफकिननी तिथे टोचणी केली. तुरुंग ही प्रयोगाच्या दृष्टीने सोयीची जागा. सगळ्यांचे अन्न एक, पाणी एक, छप्पर एक. सुमारे दीडशे कैद्यांनी स्वखुशीने टोचून घेतले, त्यांच्याहून थोड्या अधिकांनी घेतले नाही. टोचून न घेतलेल्यांत पुढे १२ जणांना प्लेग झाला, ६ दगावले. टोचलेल्यांत दोघे आजारी पडले आणि दोघेही वाचले.

आकडे बोलके वाटतात, पण खोदून पाहणाऱ्याला लगेच दोन अडचणी दिसतात. टोचून घेणारे कैदी कदाचित आधीच धट्टेकट्टे आणि धीराचे असतील. निवड त्यांची त्यांनीच केली होती. शिवाय टोचणीच्या दिवशी संध्याकाळीच काही जणांना रोगाची लक्षणे दिसली आणि ते दगावले. रोग त्यांच्या अंगात आधीपासूनच होता, हे उघड होते. त्यांना कोणत्या रकान्यात घालायचे? हाफकिननी त्यांचा हिशेब वेगळा मांडला. ते रास्तच होते, पण असा निर्णय आकडे हाती आल्यावर घेतला की टीकाकाराला बोलायला जागा मिळते.

त्याच वर्षी दमणला साथ आली. दमण तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होते. तिथले आकडे प्रचंड होते. टोचलेल्या २,१९७ लोकांपैकी ३६ दगावले, न टोचलेल्या ६,०३३ पैकी १,४८२. म्हणजे शंभरी दीड-दोन विरुद्ध शंभरी चोवीसच्या वर. इतक्या मोठ्या फरकापुढे वाद कसला? पण वाद होताच. टोचून घ्यायला कोण पुढे आले आणि कोण मागे राहिले, कोण चांगल्या घरात राहत होते आणि कोण गल्लीबोळांत, हे या आकड्यांत कुठेच नव्हते. संख्या मोठी असली की तुलनेतला दोष झाकला जातो, दूर होत नाही.

हा दोष काढायचा प्रयत्न पुढच्या वर्षी बडोद्याजवळच्या उंडेरा गावात झाला, आणि तो प्रयत्न आजही वाचण्यासारखा आहे. सयाजीराव गायकवाडांच्या राज्यातले हे छोटे गाव. फेब्रुवारी १८९८मध्ये तिथे टोचणी झाली ती कुटुंबे फोडून. प्रत्येक घरातले साधारण निम्मे लोक टोचायचे, निम्मे तसेच ठेवायचे. एकाच चुलीवर जेवणारी, एकाच जमिनीवर झोपणारी माणसे दोन गटांत वाटली गेली, त्यामुळे श्रीमंती-गरिबीचा, घराच्या स्वच्छतेचा आणि शेजाराचा फरक आपोआप दोन्हीकडे सारखा झाला. साथ ओसरल्यावर हाफकिन आणि सर्जन-मेजर बॅनरमन यांनी घरोघरी जाऊन हिशेब केला. प्लेग शिरलेल्या २८ कुटुंबांत टोचलेले ७१ जण होते. त्यांतले ८ आजारी पडले, ३ दगावले. न टोचलेले ६४ होते. २७ आजारी पडले आणि २६ दगावले.

दमणच्या हजारोंपेक्षा उंडेऱ्याच्या या १३५ माणसांचा पुरावा भारी होता. आखणी बदलली की थोडक्या आकड्यांतही किती ताकद येते, ते इथे दिसते. मात्र त्या निम्म्या लोकांना मुद्दाम लशीवाचून ठेवले होते, हेही विसरता येत नाही. लस लागू पडते की नाही हे खरोखरच ठरलेले नव्हते, एवढ्याच एका गोष्टीवर या प्रयोगाचे समर्थन उभे होते. ते ठरल्यावर तोच प्रयोग पुन्हा करणे क्रूरपणा झाला असता.

लस प्लेगला थोपवते, एवढे दिसले. पण वाट कोणती, हा प्रश्न तसाच होता. त्याचे उत्तर त्याच वर्षी एका फ्रेंच डॉक्टरने शोधले. ते फारसे कोणी मानले नाही.

पॉल-लुई सिमों हे पाश्चर संस्थेतर्फे १८९७मध्ये येर्सांच्या जागी मुंबईत आले. रोग्यांना तपासताना काहींच्या अंगावर, गाठ उठण्याआधीच, एक बारीकसा फोड त्यांना दिसला. फोडातल्या पाण्यात प्लेगचे जंतू होते. हा फोड गाठीच्या जवळपासच्या भागात, बहुधा पायावर असे. एखादा किडा चावावा तसा. दुसरीकडे, मेलेले उंदीर उचलणारी माणसे आजारी पडत. पण उंदीर मरून बराच वेळ झालेला असेल तर त्याला हात लावूनही काही होत नसे. मेलेल्या उंदरात जंतू तर तेवढेच असणार. मग ताज्या उंदरात असे काय होते, जे थंड पडलेल्या उंदरात नव्हते? सिमोंना उत्तर सुचले ते पिसवांचे. अंग थंड पडले की पिसवा उंदराला सोडून जातात.

२ जून १८९८ रोजी कराचीच्या रेनॉल्ड्स हॉटेलात त्यांनी प्रयोग मांडला. काचेची मोठी बरणी, तळाशी वाळू, तिच्यात प्लेगच्या रोग्याच्या घरात पकडलेला आजारी उंदीर. पिसवा भरपूर असाव्यात म्हणून एका मांजराच्या अंगावरच्याही आणून सोडल्या. उंदीर मरायला टेकला तेव्हा बरणीत एक निरोगी उंदीर सोडला, तोही जाळीच्या पिंजऱ्यात टांगून. बरणीच्या भिंतींना, वाळूला किंवा आजारी उंदराला त्याचा स्पर्श होणार नव्हता. काही दिवसांत तो निरोगी उंदीर मेला आणि त्याच्या गाठींत प्लेगचे जंतू सापडले. पिसवा नसलेल्या आजारी उंदराबरोबर निरोगी उंदीर ठेवून सिमोंनी उलटी बाजूही पाहिली होती. त्यात कोणी आजारी पडले नाही.

सिमोंनी निष्कर्ष छापला आणि टीका सुरू झाली. सर टॉमस फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालच्या प्लेग कमिशनने हिंदुस्थानभर फिरून साक्षी घेतल्या आणि पिसवांचा सिद्धान्त बाजूला सारला. इतरांनी सिमोंचा प्रयोग करून पाहिला, तो त्यांना साधला नाही. उंदरांच्या पिसवा माणसाला चावतच नाहीत, असे युरोपातले काही संशोधक ठामपणे सांगत होते.

आज हा नुसता आडमुठेपणा वाटतो. पण त्या वेळी हाती होते ते मोजके प्रयोग, आणि तेही हॉटेलच्या खोलीत केलेले. त्यातून पिसू रोग नेऊ शकते, एवढे दिसत होते. मुंबईतल्या घरांत हजारो माणसे मरतात ती याच वाटेने, की दुसऱ्या एखाद्या वाटेने, हे त्या बरणीत दिसणे शक्य नव्हते. हवा, जमीन, अन्न, स्पर्श या बाकीच्या वाटा कोणी एकेक करून बंद केल्या नव्हत्या. दुधावर येणारे मांजर कोणत्या खिडकीतून येते हे पाहायचे, तर एक सोडून सगळ्या खिडक्या लावाव्या लागतात. आणि मग उघडी खिडकीही बदलून पाहावी लागते.

मधल्या काळात संशोधनाचे ठिकाण परळला आले होते. जुने गव्हर्नमेंट हाउस पूर्वी गव्हर्नरांचे निवासस्थान होते. १८८२मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी तिथेच पटकीने वारल्या आणि पुढे गव्हर्नरांनी ते घर सोडले. ऑगस्ट १८९९पासून तिथे हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा थाटली गेली. पण पंजाबातल्या मुल्कोवाल गावी ३० ऑक्टोबर १९०२ रोजी टोचून घेतलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले आणि हाफकिन यांना दूर व्हावे लागले. त्या दिवशी लशीच्या पाच बाटल्या वापरल्या होत्या आणि दगावलेले सगळे एकाच बाटलीतले होते. बाकी चार बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नाही. दोष बाटली भरताना शिरला की गावात उघडताना, हा वाद पाच वर्षे चालला. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी १९०७मध्ये ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू लावून धरली, तेव्हा कुठे त्यांच्यावरचा डाग धुऊन निघाला.

परळच्या प्रयोगशाळेत त्याच काळात कॅप्टन विल्यम ग्लेन लिस्टन नावाचा तरुण डॉक्टर पिसवा मोजत होता. कुठल्या जनावराच्या अंगावर कुठल्या जातीच्या पिसवा, एवढेच त्याचे काम, ऐकायला क्षुल्लक. सिमोंच्या टीकाकारांनी हीच गोष्ट लक्षात घेतली नव्हती. उंदरांवरच्या पिसवा एका जातीच्या नसतात. मुंबईतल्या उंदरांवर जी पिसू प्रामुख्याने सापडे, तिचे वर्णन चार्ल्स रॉथशिल्ड या कीटकशास्त्रज्ञाने १९०३मध्येच केले होते. युरोपातल्या उंदरांवरची जात वेगळी होती. लिस्टनने सर्वसाधारण परिस्थितीत माणसांच्या अंगावर पकडलेल्या २४६ पिसवा तपासल्या, त्यांत उंदराची पिसू फक्त एक निघाली. टीकाकारांचे म्हणणे खरेच वाटावे.

मग एप्रिल १९०३मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या चाळीत उंदीर पडू लागले. थोड्याच दिवसांत बिऱ्हाडकरू पिसवांनी हैराण होऊन व्हरांड्यात झोपायला लागले, आणि मग पहिला माणूस गाठीने आजारी पडला. लिस्टनने तिथल्या माणसांच्या अंगावरच्या पिसवा गोळा केल्या. ३० पैकी १४ उंदरांच्या होत्या. नेहमीच्या दिवसांत माणसाला न शिवणारी पिसू, तिचा उंदीर मेला की भुकेने माणसाकडे वळते. लिस्टनने आणखी एक युक्ती केली. प्लेग झालेल्या घरांत त्याने गिनीपिग मोकळे सोडले. पिसवा त्यांच्या अंगावर गोळा होत आणि त्याला त्या वेचून तपासता येत. त्यांतल्या पुष्कळशांच्या पोटात प्लेगच्या जंतूंसारखे जंतू दिसले.

हा परिस्थितीजन्य पुरावा होता. त्याला पक्के रूप द्यायला १९०५मध्ये नवे कमिशन नेमले गेले. भारतमंत्री, रॉयल सोसायटी आणि लंडनची लिस्टर इन्स्टिट्यूट यांनी मिळून ते उभे केले. लिस्टर इन्स्टिट्यूटचे संचालक चार्ल्स मार्टिन स्वतः मुंबईला आले, आखणी करून दिली. कामाची धुरा मेजर जॉर्ज लँब यांच्याकडे होती. सोबत लिस्टन, पेट्री, रोलंड आणि हिंदी डॉक्टर व सहायकांचा चमू. परळच्या सहा खोल्या या कमिशनच्या.

पत्र्याच्या छपराच्या खोल्यांत पिसवा नव्हत्या. तिथे प्लेग टोचलेले गिनीपिग निरोगी गिनीपिगांमध्ये सोडले. ते एकत्र राहिले, एका थाळीत जेवले, एकमेकांच्या मलमूत्रात वावरले. आजारी मेले, निरोगी तसेच राहिले. आजारी मादीच्या अंगावर पिणारी पिलेसुद्धा वाचली. स्पर्श, अन्न, दूध, घाण, सगळे एकदम खोटे पडले. गावठी कौलांच्या खोल्यांत वरून पिसवा गळत होत्या, तिथे एकामागून एक गिनीपिग मरत गेले. मंगलोरी कौलांखाली स्थिती मधली. खोलीत पिसवा जितक्या जास्त, तितकी साथ वेगाने फिरे. पत्र्याच्या खोल्यांत मुद्दाम पिसवा सोडल्या तर तिथेही तेच. कारण आणि परिणाम एकत्र वाढतात, एकत्र घटतात, आणि हवे तेव्हा थांबवताही येतात, हे प्रथमच समोर मांडले गेले.

हवा उरली होती. कमिशनने आधी पिसू किती उंच उडी मारते ते मोजले. ती भरली सुमारे चार इंच. मग साथीच्या खोलीत गिनीपिगांचा एक पिंजरा जमिनीपासून दोन इंचांवर ठेवला, दुसरा दोन फुटांवर टांगला. हवा दोघांना तीच. दोन इंचांवरचे गिनीपिग प्लेगने मेले, दोन फुटांवरचे वाचले. माकडांच्या बाबतीत पिंजऱ्याभोवती सहा इंच रुंदीचा चिकट कागद पसरला. चिकट कागदाआडचे माकड सुरक्षित राहिले आणि कागदावर अडकलेल्या पिसवा आयत्याच मोजायला मिळाल्या.

जमिनीचा प्रश्नही असाच सोडवला. शेणाने सारवलेल्या आणि चुन्याच्या जमिनींवर प्लेगचे जंतू ओतले आणि ठरावीक तासांनी तिथे प्राणी सोडले. शेणाची जमीन ४८ तासांनंतर निरुपद्रवी होत होती, चुन्याची २४ तासांनंतर. घरे खणून काढण्यात आणि भिंती धुण्यात घालवलेल्या दिवसांचा हिशेब या दोन आकड्यांत होता.

सिमोंचा प्रयोगही पुन्हा झाला, पण या वेळी एकदा-दोनदा नव्हे. आजारी आणि निरोगी उंदीर असे ठेवले की दोघांमध्ये पिसवांखेरीज काहीही जाऊ नये. अशा ३८ प्रयोगांपैकी २१ मध्ये निरोगी उंदराला प्लेग झाला. उरलेल्या १७ अपयशांचाही आकडा अहवालात तितक्याच ठळकपणे छापला. ती अपयशे का आली, हे त्या वेळी कोणालाच नीट सांगता येत नव्हते.

प्रयोगशाळेबाहेरही काम चालू होते. प्लेगच्या घरांत मोकळ्या सोडलेल्या गिनीपिगांपैकी २९ टक्के प्लेगने मेले. बारीक जाळीच्या, पिसूला शिरता येणार नाही अशा पिंजऱ्यात त्याच घरांत ठेवलेले गिनीपिग सुरक्षित राहत. शहरभरातून पकडलेले उंदीर परळला येत. प्रत्येकावर सापडल्याची जागा आणि तारीख नोंदलेली असे, आणि मग त्याची चिरफाड होई. वर्षाच्या शेवटी नकाशावर एक क्रम दिसला. आधी गटारांतले तपकिरी उंदीर मरतात. सुमारे दहा दिवसांनी घरांतले काळे उंदीर. आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसे. शीव, वडाळा, परळ आणि वरळी या तेव्हाच्या वेगळ्या खेड्यांतही बारकाईने नोंदी झाल्या. आत प्रयोग आणि बाहेर निरीक्षण, दोन्हींचा निकाल एकच आला.

१९०६पासून हे अहवाल केंब्रिजच्या ‘जर्नल ऑफ हायजीन’मध्ये खंडाखंडाने प्रसिद्ध झाले. गाठीचा प्लेग माणसाकडून माणसाकडे थेट जात नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता. इस्पितळांतल्या परिचारिका आणि वॉर्डबॉय क्वचितच आजारी का पडत, त्याचा उलगडा झाला. रोग्याच्या आप्तांना छावणीत डांबण्याचा आधारही त्याबरोबर गळून पडला. उलट उंदीर पडले की घर सोडून माळावर झोपड्या घालायच्या, ही गावकऱ्यांची रीत बरोबर ठरली. गढवाल-कुमाऊंतले लोक तर ती पिढ्यान्‌पिढ्या पाळत आले होते. मूळ कारण ठाऊक नसूनही त्यांचा अनुभव पक्का होता. सरकारजवळ अनुभवही नव्हता आणि पुरावाही.

१७ अपयशांचे कोडे १९१४मध्ये सुटले. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये मार्टिन आणि आर्थर बॅकट यांनी पिसवांना सूक्ष्मदर्शकाखाली धरले. बॅकट मुळात लंडनमधला कारकून, किडे पाळण्याचा नादी. त्यांना दिसले की प्लेगचे रक्त प्यायलेल्या काही पिसवांच्या जठराच्या तोंडाशी जंतूंचा गोळा होऊन वाट बुजते. अशी पिसू भुकेने पुन्हा पुन्हा चावते, प्यायलेले रक्त अडते आणि जंतूंसह उलट चाव्यात येते. सगळ्याच पिसवांची वाट बुजत नाही, म्हणून सगळ्याच चावऱ्या पिसवा रोग देत नाहीत. सिमोंचा प्रयोग ज्यांना साधला नव्हता, त्यांच्यातले सगळेच काही निष्काळजी नव्हते.

परळच्या निकालालाही सीमा होती. तो गाठीच्या प्लेगचा होता. फुप्फुसांत उतरलेला प्लेग खोकल्यातून थेट पसरतो. १९१०-११ मध्ये मांचुरियात तो तसाच पसरला आणि तिथे रोग्यांना वेगळे ठेवणे हाच उपाय होता.

परळची संस्था १९२५पासून हाफकिन यांच्या नावाने ओळखली जाते. आणि लिस्टनने घालून दिलेली पिसवा मोजण्याची रीत आजही चालते. ऑगस्ट १९९४मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात लोक पिसवांनी त्रस्त झाल्याच्या तक्रारी आल्या, उंदीर मेल्याचे दिसले आणि सप्टेंबरमध्ये गाठींचे रोगी सापडले. आरोग्य खात्याच्या पथकांनी कीटकनाशक फवारले, सापळे लावले आणि पकडलेल्या उंदरांच्या अंगावरच्या पिसवा मोजल्या. दर उंदरामागे सरासरी एकापेक्षा जास्त पिसू म्हणजे धोका, हा पथकांचा दंडक होता. त्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसांच्या प्लेगची बातमी फुटली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. तो प्लेग होता की दुसराच ताप, यावर डॉक्टरांत वर्षानुवर्षे वाद चालला. शेवटी रोग्यांकडून मिळालेल्या जंतूंच्या डीएनएची तपासणी २००० साली प्रसिद्ध झाली आणि जंतू प्लेगचाच असल्याचे तिच्यातून निघाले.